घाण्याच्या बैलाचा शनिवार

पाठाचा विषय : कामाचा आणि विसाव्याचा तोल

रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाला मराठीत घाण्याचा बैल म्हणतात. ज्यांनी लाकडी घाणा पाहिलेला नाही, अशा दुबई-शारजात वाढलेल्या मुलांना या म्हणीतली गोम कळत नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. जमिनीत पक्की बसवलेली मोठी उखळ, तिच्यात उभी फिरणारी जाड लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड, त्यावर दगडांचा भार आणि पुढे जुंपलेला बैल. उखळीत तीळ किंवा खोबरे घालायचे आणि बैलाने गोल गोल फिरायचे. चक्कर येऊ नये आणि खाण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापड बांधलेली असे. संध्याकाळपर्यंत कित्येक मैल चालणे होई, पण झापड काढली की बैल सकाळी होता तिथेच. तेल तेल्याच्या भांड्यात, पेंड गव्हाणीत, आणि उद्या पुन्हा तेच.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचा पिढीजात धंदा हाच होता. पण त्यांच्या गोठ्यातल्या बैलाला आठवड्यातून एक दिवस झापड नव्हती. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत थांबलेलाच राही. गावकऱ्यांना यामागचे शास्त्र माहीत नव्हते. हे तेली शनिवारी तेल काढत नाहीत एवढेच त्यांना दिसले आणि त्यांनी नाव ठेवले, शनिवार तेली. त्याच कोकणात सोमवार तेलीही होते. ते शंकराचे भक्त असल्यामुळे सोमवारी बैल जुंपत नसत. धंद्याने दोघे तेलीच, फरक फक्त न करण्याच्या दिवसाचा. एखादी जमात जे करते त्यावरून ओळखली जावी हे नेहमीचेच. जे करत नाही त्यावरून ओळखली जावी, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे.

परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज पेण, रोहा, चौल, किहीम, झिराड, अष्टमी, दिवे आगर अशा गावांत पसरले आणि गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर झाले. जहाजाबरोबर पोथ्या बुडाल्या. हिब्रू भाषा विसरली गेली. हनुक्का ठाऊक राहिला नाही, कारण त्या सणाची घटनाच पूर्वज निघून आल्यानंतरची असावी असे समाजाचे म्हणणे. बाकी सणांची हिब्रू नावेही गेली आणि कोकणी चुलीजवळची नावे आली: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. एवढे सगळे हातचे गेल्यावर जे उरले त्याची यादी फार छोटी आहे. सुंता, शेमाचे शब्द, खवले आणि पर असलेलाच मासा, आणि शनिवार.

ही चार कामे शरीराने करायची आहेत, पाठांतराने नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शेमाचे दोन-चार शब्द सोडले तर त्यांना पोथी लागत नाही. दाविद राहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले तेव्हा त्यांनी बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवून स्वयंपाक करायला सांगितले, आणि त्या बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले, अशी समाजात सांगितली जाणारी कथा आहे. राहाबींच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कथेचा रोख स्पष्ट आहे. परीक्षा घेतली गेली ती स्वयंपाकघरात, आणि उत्तर दिले ते हातांनी.

एक सप्तमांश

शनिवार पाळणे कोकणात फुकट पडत नव्हते. तेलाचा धंदा रोजच्या विक्रीवर चालणारा. शनिवारी बाजार भरणारे गाव असेल तर तो बाजार हातचा जाई. बैलाला वैरण सातही दिवस लागे, तेल मात्र सहाच दिवस निघे. गरीब घराने उत्पन्नाचा एक सप्तमांश दर आठवड्याला स्वतःहून सोडायचा, आणि तेही ज्या आज्ञेची पोथी आपल्याजवळ नाही तिच्यासाठी, याला बळ लागते.

तोरामध्ये ही आज्ञा दोनदा येते आणि दोन्हीकडे कारणे वेगळी आहेत. शेमोथच्या 20 व्या अध्यायात कारण दिले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे. परमेश्वराने सहा दिवसांत जग निर्माण केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. देवारीमच्या 5 व्या अध्यायात मोशे रब्बेनू त्याच आज्ञेला दुसरे कारण जोडतात, ते मिसरातल्या गुलामीचे. तुम्ही गुलाम होता आणि गुलामाला सुट्टी नसते, म्हणून आता तुम्ही थांबा आणि तुमच्या चाकरालाही थांबू द्या. दोन्ही ठिकाणी जनावरांचा उल्लेख आहे आणि देवारीममध्ये तर बैलाचे आणि गाढवाचे नावच घेतले आहे. कोकणातल्या तेल्याला हे वाक्य वाचता येत नव्हते, तरी त्याच्या बैलाला त्याचा लाभ होत होता.

आणखी एक जोड आहे. मिश्नामध्ये शब्बाथला वर्ज्य असलेली 39 मुख्य कामे सांगितली आहेत. मळणी हे त्यांपैकी एक. दाणा कणसापासून वेगळा करणे हे जसे मळणीत मोडते, तसेच द्राक्षातून रस किंवा जैतुनातून तेल पिळून काढणे हेही रब्बींनी मळणीच्याच कुटुंबात धरले. म्हणजे कोकणातल्या पूर्वजांचा रोजचा धंदा नेमका त्या यादीत येत होता. मिश्ना त्यांच्यापाशी नव्हतीच, आणि तरी घाणा थांबत होता.

आज्ञेचा दुसरा अर्धा भाग मात्र धड्यांतून अनेकदा गळतो. सहा दिवस काम करण्याचेही त्याच वाक्यात सांगितले आहे. विसावा ही कामाची दुसरी बाजू आहे. ज्याने आठवडाभर काही केले नाही त्याचा शनिवार हा केवळ आणखी एक रिकामा दिवस. तरुणांना वडीलधारे जेव्हा ‘जरा हातपाय हलवा’ म्हणतात, तेव्हा तेही शब्बाथचाच अर्धा भाग सांगत असतात.

मुंबईत काय झाले

अठराव्या शतकात बेने इस्राएल मुंबईला येऊ लागले. कंपनीच्या पलटणींत, पुढे रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, इस्पितळांत ते शिरले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, ते मशीद बंदर भागातले शाआर हारहामीम. शिक्षण आले, हिब्रू आली, छापील मराठी प्रार्थनापुस्तके आली. म्हणजे ज्या पोथ्या बुडाल्या होत्या त्या परत मिळाल्या. पण कचेरीची सुट्टी रविवारी होती आणि शनिवारी हजेरी लागत होती. घाण्याचा मालक स्वतः असतो तेव्हा घाणा थांबवणे त्याच्या हाती असते. पगारदार झाल्यावर ते साहेबाच्या हाती गेले. पोथी नव्हती तेव्हा शनिवार टिकला आणि पोथी हाती आल्यावर अनेक घरांत तो निसटला. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पोट सगळ्यांना आहे. तरीही या उलटापालटीकडे डोळेझाक करू नये, कारण आखातात आलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे तोच प्रश्न नव्या कपड्यांत उभा आहे.

अमिरातीचा आठवडा

संयुक्त अरब अमिरातीत सुट्टीचा दिवस गेल्या पन्नास वर्षांत बऱ्याचदा सरकला आहे. 1971 साली देश स्थापन झाला तेव्हा कामाचे सहा दिवस आणि शुक्रवारची सुट्टी अशी रीत होती. 1999 मध्ये सरकारी कचेऱ्यांना गुरुवार-शुक्रवार मिळाला. 2006 मध्ये तो शुक्रवार-शनिवार झाला. 1 जानेवारी 2022 पासून संघराज्य सरकारने शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच काम अशी साडेचार दिवसांची पद्धत आणली. शारजाने त्याच वेळी एक पाऊल पुढे जाऊन आपल्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी दिली.

या बदलाची कारणे व्यापाराची होती. जगाच्या बाजारपेठांशी वेळ जुळवायचा होता. पण ज्यूंच्या दृष्टीने त्यातून एक विलक्षण सोय झाली. शुक्रवारी दुपार मोकळी आणि शनिवार पूर्ण मोकळा, अशी सरकारी आठवड्याची रचना मुंबईतल्या कारकुनाला शंभर वर्षांपूर्वी स्वप्नातही मिळाली नसती. दुबईत हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि मेणबत्त्या त्याआधी लावायच्या असतात. पूर्ण दिवसाची नोकरी करून घरी पोचेपर्यंत शब्बाथ सुरू झालेला असायचा. आता निदान काही घरांत बाराला सुटून आमटी, मासे, भात करून ठेवायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात सूर्यास्त सव्वासातच्या आसपास जातो, तेव्हा तर स्वयंपाकानंतर डुलकीसुद्धा होते.

सगळ्यांचे नशीब असे नाही. खासगी कंपन्यांवर सरकारी वेळापत्रक बंधनकारक नाही. हॉटेल, इस्पितळ, विमानतळ, दुकान अशा ठिकाणी शनिवार हाच गर्दीचा दिवस. तिथे काम करणाऱ्यांनी कायदा काय म्हणतो हे तरी माहीत करून घ्यावे. 2021 चा 33 क्रमांकाचा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. त्याप्रमाणे खासगी क्षेत्रात साधारणपणे दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम मध्ये सुट्टी न देता करून घेता येत नाही. आठवड्यातून निदान एक दिवस पगारी सुट्टी द्यावीच लागते. तो दिवस कोणता, हे करारात किंवा कामाच्या नियमांत ठरते. याचा अर्थ असा की शनिवारची गोष्ट नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी कुरकुरत काढण्याची नाही. ती करारावर सही करण्याआधी, नम्रपणे आणि स्पष्टपणे बोलण्याची आहे. साहेब नाही म्हणेल, किंवा महिन्यातले दोन शनिवार देईल, किंवा शुक्रवारची संध्याकाळ देईल. विचारलेच नाही तर मात्र यातले काहीच मिळणार नाही. मराठी माणसाला पगाराबद्दल विचारायला जेवढा संकोच वाटतो, त्याच्या दुप्पट सुट्टीबद्दल विचारायला वाटतो. हा संकोच सोडावा.

थांबण्याची भाषा या देशाला परकी नाही, हेही विद्यार्थ्यांनी पाहावे. दिवसातून पाच वेळा अजान होते. रमजानमध्ये कायद्यानेच कामाचे तास रोज दोनने कमी होतात. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीनपर्यंत उघड्यावर, उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, सावलीत मजूर आडवे झालेले दिसतात ते याच वेळी. बैलाची झापड काढण्याचाच हा प्रकार, फक्त इथे माणसांसाठी. मिसरातल्या गुलामांची आठवण ज्यांच्या आज्ञेत आहे, त्यांनी त्या सावलीजवळून जाताना नुसते गाडीच्या काचेतून पाहून पुढे जाऊ नये.

रामबामची चौकट आणि रामबामचा दिवस

अबू धाबीच्या सादियात बेटावर तीन घनाकृती इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत: एक मशीद, एक चर्च, एक सिनेगॉग. आकाराने तिन्ही सारख्या. मशिदीचे तोंड मक्केकडे, चर्चचे पूर्वेकडे, सिनेगॉगचे यरुशलेमकडे. या अब्राहमिक फॅमिली हाउसचे उद्घाटन फेब्रुवारी 2023 मध्ये झाले. तिथल्या सिनेगॉगला नाव दिले आहे मोशे बेन मैमोन यांचे, म्हणजेच रामबामचे. हे नाव निवडण्यात औचित्य आहे. रामबाम बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मले, मोरोक्कोतल्या फेझमधून पुढे इजिप्तमध्ये फुस्तातला स्थायिक झाले आणि 1204 मध्ये वारले. आयुष्यभर ते अरबी बोलणाऱ्या जगात राहिले आणि त्यांचे बरेचसे लेखन अरबीतच आहे.

संतुलित जगण्याबद्दल ज्यू परंपरेत सर्वांत सविस्तर जर कोणी लिहिले असेल तर ते यांनीच. मिश्ने तोरामधल्या हिल्खोथ देओथ या भागात ते मधल्या वाटेची कल्पना मांडतात. माणसाने कंजूष नसावे आणि उधळ्याही नसावे. सदा हसरा विदूषक नको, सुतकी चेहराही नको. प्रत्येक स्वभावाला दोन टोके असतात आणि चांगली वाट बहुधा मधून जाते. अहंकार आणि राग यांना मात्र ते अपवाद करतात. त्या दोन गोष्टींत मध्यावर थांबू नये, दूरच पळावे, असे त्यांचे मत आहे.

मधल्या वाटेवर यायचे कसे, याचे उत्तर ते वैद्याच्या पद्धतीने देतात. जो एका टोकाला गेला आहे त्याने काही काळ दुसऱ्या टोकाला जावे, म्हणजे सुटल्यावर तो मध्यावर येईल. वाकलेला बांबू सरळ करायचा तर उलट बाजूला वाकवून धरावा लागतो, हे कोकणात कुणालाही पटेल. रोज रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याने ‘थोडे कमी करीन’ असे ठरवून भागत नाही. काही आठवडे फोन दुसऱ्या खोलीतच ठेवावा लागतो. आणि उलट टोकालाही ते फटकारतात. सगळे सोडून देणारा, मांस नको, लग्न नको, चांगले घर नको म्हणणारा माणूस त्यांना आदर्श वाटत नाही. तोरेने जे वर्ज्य केले ते पुरे नाही का, आणखी बंधने कशाला, असा त्यांचा सूर आहे. जानेवारीत कडक उपास धरून फेब्रुवारीत बिर्याणीवर तुटून पडणाऱ्यांनी हे वाचावे.

चौथ्या अध्यायात तर ते सरळ वैद्य होतात. भूक लागल्यावाचून खाऊ नये, तहान लागल्यावाचून पिऊ नये, पोट साधारण पाऊण भरले की हात आखडावा. जेवणाआधी अंग गरम होईल इतके हालचालीचे काम करावे. दिवसरात्रीच्या 24 तासांपैकी एक तृतीयांश, म्हणजे 8 तास, झोपावे आणि सूर्योदयाआधी उठावे. जेवल्याबरोबर झोपू नये. आयुर्वेदातही वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्यासाठी मोकळा सोडायला सांगितले आहे. फुस्तातचा वैद्य आणि भारतातला वैद्य एकमेकांना न भेटता चौथा भाग रिकामा सोडतात, हे वाचून आजीचे ‘दोन घास कमी खा’ नव्याने ऐकू येते. वाळवंटातल्या उन्हात मात्र एक पुरवणी जोडायला हवी. इथे तहान उशिरा कळते, म्हणून उन्हात काम असेल तर तहानेची वाट पाहत बसू नये.

पैशाबद्दलही त्यांनी लिहिले आहे आणि ते आखातातल्या कुटुंबांना थेट लागू पडते. खाण्यावर ऐपतीपेक्षा कमी खर्च करावा, कपड्यांवर ऐपतीइतका, आणि बायकामुलांच्या मानावर ऐपतीपेक्षा जास्त. तरुणांसाठी क्रमही दिला आहे. आधी उपजीविका, मग घर, मग लग्न. आधी लग्नाचे कर्ज, मग क्रेडिट कार्ड, मग नोकरीची भीती, असा उलटा क्रम दुबईत पुष्कळ दिसतो.

आता याच माणसाचा स्वतःचा दिवस पाहावा. 1199 च्या सुमारास त्यांचे अनुवादक शमुएल इब्न तिब्बोन यांना त्यांच्या भेटीला यायचे होते. रामबामनी पत्र लिहून कळवले की आलात तरी बोलायला वेळ मिळणार नाही. त्यांची दिनचर्या त्या पत्रात आहे. राहणे फुस्तातला, सुलतानाचा दरबार कैरोला. रोज पहाटे तिकडे जायचे. राजवाड्यात कोणी आजारी असेल तर दिवस तिथेच जायचा. काही नसले तरी दुपार उलटून घरी यायचे, भुकेने व्याकूळ होऊन. दारात ज्यू, मुसलमान, थोर, सामान्य अशी रोग्यांची गर्दी. त्यांची क्षमा मागून चार घास खायचे, तेवढेच दिवसभराचे जेवण, आणि मग रात्र होईपर्यंत औषधे लिहून द्यायची. थकव्याने बसवत नसे तेव्हा आडवे पडूनच रोग्यांशी बोलायचे. शब्बाथला समाजाची मंडळी येत, त्यांना आठवड्याचे मार्गदर्शन आणि पाठ.

आठ तास झोपेचा नियम लिहिणारा माणूस असा जगत होता. काहींना हे वाचून गंमत वाटेल, काहींना नियमच पोकळ वाटतील. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. भाऊ दाविद समुद्रात बुडाल्यावर घराचा भार रामबामवर आला होता आणि धर्मज्ञानाचा मोबदला घेणे त्यांना मान्य नव्हते. वैद्यकी करूनच पोट भरायचे होते. दोन पाळ्या करणारी परिचारिका, गावी घर बांधायचे म्हणून जादा तास घेणारा तंत्रज्ञ, यांना हा दिवस ओळखीचा वाटेल. नियम माहीत असणे आणि तो पाळता येण्याजोगी परिस्थिती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र त्या पत्रातही आठवड्याची चौकट मोडलेली दिसत नाही. सहा दिवस दरबार आणि रोगी, सातव्या दिवशी आपली माणसे आणि पाठ. तोल रोजच्या रोज साधला नाही, पण सातव्या दिवसाचे काम वेगळे राहिले.

मलिद्याचे ताट

जागरूकपणे खाणे हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. समाजाकडे त्याचा जुना सराव आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात तेव्हा भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे मांडतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात किंवा प्रवासाला निघताना हे ताट मांडले जाते. अमिरातीत पोहे आणि नारळ कोणत्याही भारतीय दुकानात मिळतात, आणि खजूर तर इथलाच. पण ताट पुढे आले की लगेच खायचे नसते. प्रत्येक प्रकाराची बेराखा वेगळी. झाडाच्या फळाची एक, जमिनीतून उगवणाऱ्याची दुसरी, सुवासाची आणखी वेगळी.

खजूर झाडाचा, हे सोपे. केळ्याचे काय? मुले हमखास ‘झाड’ म्हणतात. पण केळीला लाकडी खोड नसते, एक घड दिला की ती संपते आणि शेजारून नवे पोर फुटते. म्हणून केळ्यावर जमिनीच्या उपजाची बेराखा म्हणतात. कोकणातल्या मुलाला हे परसात दिसत असे. दुबईतल्या मुलाला केळे सुपरमार्केटच्या फळीवर भेटते. त्याला बेराखा म्हणण्यासाठी केळे कुठून आणि कसे येते, हे विचारावेच लागते. तोंडात घालण्याआधी दोन क्षण थांबून वस्तूकडे पाहण्याची ही युक्ती आहे, आणि तिला कोणतेही ॲप लागत नाही.

स्वयंपाकघराचा आणखी एक नमुना नारळाच्या रसाचा. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला दाटपणा आणि गोडवा देतो तो नारळाचा रस. बंधनामुळे चव गेली नाही, उलट तीच घरची चव झाली. किद्दुशसाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेले सरबतही तसेच. द्राक्षारस मिळत नव्हता तेव्हाचा तो उपाय आजही अनेक घरांत आवडीने होतो.

तीन शहरांचा शनिवार

मोबाइलचा प्रश्न शेवटी येतोच, कारण आजचा घाणा खिशात असतो. विस्तव न पेटवण्याचा नियम विजेवर आणि फोनवर कसा लागू होतो, हे हाखामांकडून शिकावे. तो या पाठाचा भाग नाही. जी घरे पूर्ण नियमाने शब्बाथ पाळतात तिथे फोन बंदच असतो. जिथे तसे होत नाही, तिथे निदान शुक्रवारच्या जेवणाच्या दोन तासांपुरता तो कपाटात ठेवून पाहावा. हा नियमाला पर्याय नव्हे, सुरुवात म्हणता येईल. वडीलधाऱ्यांनीही हे पाळावे. रात्री अकरापर्यंत शुभेच्छांची चित्रे पुढे पाठवणारे आजोबा नातवाला फोन ठेव म्हणतात तेव्हा नातू गप्प बसतो, पण त्याच्या लक्षात सगळे असते.

अनेक कुटुंबे आता तीन ठिकाणी विभागली आहेत: काही ठाण्याला, काही अमिरातीत, काही अश्दोद किंवा दिमोनाला. ठाण्यातला सूर्य आधी मावळतो, सुमारे तासाभराने दुबईतला, त्यानंतर इस्राएलमधला. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या काकूची हवदाला झालेली असते तेव्हा दुबईत अजून शब्बाथ असतो, आणि दुबईतून फोन करावा तर अश्दोदला मामांनी अजून तो उचललेला नसतो. एकमेकांची वाट पाहावी लागते. सदान्‌कदा हाताशी असलेल्या माणसांची आठवड्यातून एकदा अशी वाट पाहणे तरुणांना जड जाईल. पूर्वी आखातातून पत्र यायला पंधरा दिवस लागत, हे आठवणाऱ्या आजींना ते जड वाटणार नाही.

पुढच्या वर्गासाठी

विद्यार्थ्यांनी एका आठवड्याचा तक्ता करून आणावा. 168 तासांपैकी झोप किती, काम किंवा शाळा किती, रस्त्यावर किती, पडद्यासमोर किती, आणि घरच्यांबरोबर बसून जेवण किती. आकडे सजवू नयेत, तक्त्याला गुण नाहीत. ज्यांची शनिवारी ड्युटी असते त्यांनीही आणावा. त्यांचा तक्ता वर्गाला जास्त शिकवील. वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्या लहानपणी शुक्रवारी दुपारी घरात काय काय चाले हे आठवून यावे: चूल कधी विझे, कोणते पदार्थ थंड खाल्ले जात, शनिवारी मुले काय खेळत, बाबांची कचेरी शनिवारी उघडी असेल तर आई काय म्हणे. ज्यांच्या घराण्यात घाण्याची आठवण असेल त्यांनी गाव, बैलाचे नाव आणि कोणते तेल निघे ते सांगावे. बैलांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत, म्हणून ती वहीत उतरवून घेण्याचे काम दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे.